डिकिन्सन आणि व्हिटमन: मृत्यूविषयक कवितांतील शैलीची तुलना कशी करावी?

प्रश्न : विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

सोलापूर विद्यापीठातील एम.ए. इंग्रजीच्या अभ्यासासाठी मी एमिली डिकिन्सन आणि वॉल्ट व्हिटमन या एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन कवींच्या मृत्यूविषयक कवितांवर निबंध लिहीत आहे. डिकिन्सन आटोपशीर लिहिते आणि व्हिटमन ऐसपैस लिहितो, एवढे कोणीही म्हणेल. परंतु शैलीमुळे मृत्यूची कल्पनाच वेगळी होते, हे दाखवण्यासाठी नेमके कोठे पाहावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, होटगी रस्ता

डिकिन्सनच्या बाबतीत आधी छंद पाहावा. आठ आणि सहा अक्षरांच्या आलटून-पालटून येणाऱ्या ओळींचा हा छंद चर्चमधील प्रार्थनागीतांचा आहे. अभंगाची चाल जशी आपल्या कानात आधीच बसलेली असते, तशी ती तिच्या वाचकांच्या कानात बसलेली होती. मृत्यू सभ्य गृहस्थासारखा गाडी घेऊन येतो, त्या प्रसिद्ध कवितेत शाळा, शेते आणि मावळता सूर्य मागे टाकत प्रवास सुरळीत चालतो. चौथ्या कडव्यात मात्र ‘किंवा खरे तर सूर्यानेच आम्हांला मागे टाकले’ अशी दुरुस्ती येते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी आठाच्या जागी सहा व सहाच्या जागी आठ अक्षरे येऊन छंद उलटा होतो. १८९० च्या पहिल्या संग्रहात संपादकांनी हेच कडवे गाळले होते, म्हणजे कवितेचा कणाच काढून घेतला होता, असे माझे मत आहे. त्यामुळे १९५५ ची जॉन्सन यांनी संपादित केलेली आवृत्तीच वापरावी. तिच्यात डिकिन्सनची मूळ अपसारणचिन्हेही (डॅश) आहेत.

माशीच्या गुणगुण्याची कविताही सोबत घ्यावी. तिच्यात तीन कडवी यमक अर्धवटच जुळते. ते पूर्ण जुळते शेवटच्या कडव्यात, दृष्टी विझत असताना.

उत्तर : सदस्य, विजापूर रस्ता

व्हिटमनसाठी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या १८६५ मधील हत्येनंतर लिहिलेल्या लायलॅकच्या (एका फुलझाडाच्या) दीर्घ शोककाव्याचा पाचवा भाग पाहावा. सात ओळींचे ते एकच वाक्य आहे: वसंतातील भूमी, शहरे, जुनी राने, गहू, सफरचंदाचा बहर असे सगळे ओलांडत ते पुढे जाते आणि रात्रंदिवस प्रवास करणारी शवपेटी अगदी शेवटच्या ओळीत समोर येते. डिकिन्सनकडे मृत्यू ओळ तोडतो, तर येथे ओळ मृत्यूला देशभर फिरवून आणते. संपूर्ण कवितेत लिंकन यांचे नाव नाही, म्हणून तो शोक एका माणसापुरता राहत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात व्हिटमनने वॉशिंग्टनच्या रुग्णालयांत जखमी सैनिकांची शुश्रूषा केली होती, याचाही येथे विचार व्हावा.

उत्तर : वाचक, सात रस्ता

वरील मांडणी पटते, परंतु त्याच मृत्यूवर व्हिटमनने ‘कॅप्टन’ला (जहाजाचा कप्तान कल्पिलेल्या लिंकन यांना) उद्देशून यमकबद्ध, बांधीव कविताही लिहिली आहे. म्हणजे ऐसपैसपणा हा त्याचा केवळ स्वभाव नसून त्याने केलेली निवड आहे. बांधीव कवितेत डेकवर पडलेले एक शरीर दिसते आणि शोक तेथेच थांबतो. लायलॅकच्या कवितेत पक्ष्याच्या गाण्यातून मृत्यूचे स्वागतच होते.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. निबंधाची सुरुवात चौथे कडवे आणि पाचवा भाग शेजारी ठेवूनच करते; ‘कॅप्टन’ची कविता मी सोपी समजून वगळणार होते, ती आता स्वतंत्र परिच्छेदात घेईन.