डेरीचा बिशप: उदार माणूस की आयत्या बिळावरचा नागोबा?

खिडकीपाशी: फ्रेडरिक हार्वी (१७३०–१८०३) हा इंग्लंडच्या सरदार घराण्यातला तिसरा मुलगा. थोरला भाऊ आयर्लंडचा व्हाइसरॉय झाला आणि १७६७ मध्ये हा तिथे क्लॉइनचा बिशप; वर्षभरात आयर्लंडच्या उत्तरेकडच्या डेरीची त्याहून श्रीमंत गादी. दोन्ही भाऊ गेल्यावर १७७९ मध्ये ब्रिस्टलचा चौथा अर्लही हाच. वशिला होताच, नाकारत नाही. तरी कॅथलिकांच्या बाजूने उभा राहिलेला अँग्लिकन, म्हणजे सरकारी प्रोटेस्टंट चर्चचा, बिशप म्हणून मला तो मोठा वाटतो. डाउनहिलच्या समुद्रकड्यावर त्याने १७८५ मध्ये गोल ग्रंथालय बांधलं, मसेंडन टेंपल. गावच्या कॅथलिकांना चर्च नव्हतं, तर त्याने तळघरात मास, म्हणजे त्यांचा उपासनाविधी, होऊ दिला.

ताकभात: वर पुस्तकं, खाली देव! असो. १७९१ मध्ये आयर्लंड सोडलं ते मरेपर्यंत तोंड दाखवलं नाही. बारा वर्षं गादी मात्र सोडली नाही. डेरीच्या कुळांनी खंड भरायचा आणि स्वारी इटलीत चित्रं, पुतळे गोळा करणार. युरोपातली 'हॉटेल ब्रिस्टल' याच्याच नावावरून पडली म्हणतात. बिशपची आठवण हॉटेलांनी जपावी, यातच काय ते आलं.

खिडकीपाशी: @ताकभात, मग १७७४ चा कायदा? कॅथलिकांना धर्म न सोडता राजनिष्ठेची शपथ घेता यावी म्हणून यानेच खटपट केली. १७८३ च्या स्वयंसेवक दलांच्या डब्लिन अधिवेशनात त्यांना मताधिकार मागितला तो कोणासाठी?

जुनी वही: मागितला खरा, पण मिळाला नाही. आणि अधिवेशनासाठी डब्लिनमध्ये शिरताना थाट बघा: पुतण्या-भाच्यांपैकी एकाच्या हाताखाली घोडेस्वार, स्वतः जांभळ्या पोशाखात. मला तर वाटतं, त्याला टाळ्या हव्या होत्या. कॅथलिक आयते सापडले.

खिडकीपाशी: टाळ्यांसाठी का होईना, बाकीचे बिशप काय करत होते? १८०३ मध्ये इटलीत आल्बानोच्या वाटेवर एका शेतकऱ्याच्या पडवीत मेला. पाखंडी बिशप घरात मरायला नको म्हणून आत घेतलं नाही, अशी कथा आहे. उलट डेरीच्या कॅथलिक बिशपने इकवर्थला, म्हणजे त्याच्या घराण्याच्या इंग्लंडमधल्या इस्टेटीवर, त्याच्या स्मारकस्तंभासाठी वर्गणी दिली. ढोंग्यासाठी कोण देतं?

ताकभात: दिली असेल. आधी हे सांगा, १७९५ पासून इकवर्थचा तो अवाढव्य घुमट कुणाच्या पैशावर चढत होता?