मागच्या सीटवर आईबाबा : मुंबईहून लांब गेलेल्यांचे अनुभव

गेल्या मार्चमध्ये बाबांना दुचाकीवर मागे बसवून शिवडीहून सावंतवाडीला गेलो. बाबा ७१ वर्षांचे. अटल सेतू आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर सुरू होतो, २१.८ किलोमीटरचा, पण दुचाकीला बंदी. फ्रीवेवरही तेच. म्हणून पहाटे साडेचारला चेंबूर, वाशीची खाडी, पनवेल असा वळसा. एक चापट म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब, असं ठरलं होतं. मानखुर्दला बाबांनी तीन मारल्या. घाबरून गाडी बाजूला घेतली तर म्हणतात, "गॅस बंद केलास ना?"

आयुष्यभर स्कूटर चालवलेला माणूस. मागे बसूनही त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबतच असतो. दर वळणाला माझ्या मागे खट्. पेणपर्यंत चिडलो, पुढे सवय झाली.

महाडला सावित्रीच्या पुलावर मात्र खट् झालं नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिथला जुना ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, दोन एसट्यांसकट. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. नवा पूल २०१७ च्या जूनमध्येच सुरू झाला, पण त्यानंतर ते या रस्त्याने आलेच नव्हते, गावाला नेहमी रेल्वेने. पूल ओलांडल्यावर दोन चापट्या. उतरले, हेल्मेट काढलं, कठड्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "चल, पोलादपूरला चहा घेऊ."

तुम्हीही लिहा. फोटो आणि कौतुक नको. कुठे थांबलात, काय दुखलं, कशावरून वाजलं, ते सांगा.

*

आम्ही गिरगावचे. आई ६३. हायवे नको म्हणाली, म्हणून किनाऱ्याने गेलो. भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीने मांडवा, अलिबाग, मुरूड. मग आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेशवी, दाभोळहून धोपावे आणि गुहागर. या तिन्ही खाड्या फेरीबोटीने. पोचायला दोन दिवस लागले, पण दर जेट्टीला आईचे गुडघे आपोआप मोकळे व्हायचे. एकच सांगतो, उतार शेवाळलेला असतो. मागच्या माणसाला आधी उतरवा, चालत बोटीवर जाऊ द्या, मग गाडी चढवा.

आईला साडीत एका बाजूला बसायची सवय. गल्लीतून दादरला जायला ठीक, पण इतक्या लांब तसं बसलं की कंबर पिळते आणि गाडी सारखी डावीकडे ओढते. शिवाय माझ्या गाडीला साडीगार्डच नाही. शेवटी भाचीचा पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसली. चाळीतून बाहेर पडेपर्यंत ओढणी तोंडावर. पहिल्या दिवशी अलिबागनंतर ती पाण्याला शिवेना. तहान नाही, म्हणे. श्रीवर्धनला पोटऱ्यांत गोळे आले तेव्हा कळलं, की वाटेत कुठे जायचं या भीतीने सकाळपासून दोन घोट प्यायली होती. मी गेले आठ दिवस टायरची हवा, चेनचं तेल, पंक्चरचं किट बघत होतो. हे डोक्यातच आलं नाही!

उपाय तिनेच काढला. पेट्रोल पंपावर विसंबायचं नाही. अंगणात एखादी बाई दिसली की गाडी थांबवायची. केळशीत अशाच एका घरात गेली ती वीस मिनिटं बाहेरच येईना. आली ती कोकमाच्या आगळाची बाटली घेऊन. त्या बाईंची सून आमच्या ठाकूरद्वारचीच निघाली.

*

माझा अनुभव उलट आहे. बाबांना मानेचा त्रास होता, डॉक्टर नको म्हणाले होते, तरी "पुणं काय लांब आहे" म्हणून निघालो. एक्स्प्रेसवेवर दुचाकी चालत नाही, त्यामुळे जुना रस्ता. खोपोलीच्या आधीच हेल्मेटचं ओझं त्यांना जड झालं. कसाबसा घाट चढलो आणि लोणावळ्याला त्यांना पुण्याच्या लोकलमध्ये बसवलं. ते माझ्याआधी पोचले. परतीला ट्रेनने दोघांची तिकिटं काढली; गाडी नंतर मित्राने आणून दिली.

*

गाडी मी चालवत होते, मागे बाबा. डोंबिवली ते त्र्यंबकेश्वर. सोसायटीत "पोरगी चालवणार?" हे किती जणांनी विचारलं ते सोडा. खरा प्रश्न हातांचा होता. मुलीला धरायचं कसं, म्हणून बाबांनी मागची दांडी धरली. हात पाठीमागे, खांदे ताणलेले. शहापूरला चहाचा ग्लास उचलता येईना, बोटं बधिर. तरी ऐकेनात. कसारा घाटात पाऊस आला, पुढे ट्रक. तेव्हा माझ्या सॅकचा पट्टा घट्ट पकडल्याचं जाणवलं. इगतपुरीला ऊन पडलं तरी सोडला नाही. मीही काही बोलले नाही. परतताना कमरेला पट्टा बांधून निघाले, बाजूला दोन मुठी असलेला. त्यांनी निमूट धरला.

*

मी मागे बसणाऱ्यांपैकी आहे, वय ६८, परळ. चिरंजीवांनी हौसेने दोन्ही हेल्मेटांत बोलायचं यंत्र बसवून घेतलं. कृपया घेऊ नका. पेण ते चिपळूण आम्ही इमारतीच्या पुनर्विकासावर भांडलो. मी सही केलेली नाही, त्याला वाटतं करावी. समोर तोंड दिसत नाही, उठून जाता येत नाही, आवाज थेट कानात. परशुराम घाट उतरताना माझ्या यंत्राची बॅटरी संपली. पुढे संगमेश्वरपर्यंत प्रवास फार छान झाला.

*

धागा काढणारा मीच. काल रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. परळच्या काकांवर मनापासून हसले. सही त्यांनीही केलेली नाही. आणि अनेकांनी विचारलंय म्हणून : हो, गॅस बंदच होता. मानखुर्दहून शेजारच्या काकूंना फोन केला, किल्ली त्यांच्याकडे असते. पहाटे पाचला त्या उठून बघून आल्या. अजून बोलत नाहीत.