नवा अर्ज की अपील, हे आधी पाहा

सत्र न्यायालयाने जामीन नाकारला की अपीलच करायचं, असं बरेचदा सांगितलं जातं. ते सरसकट खरं नाही. खुनासारख्या गुन्ह्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ४८३ खाली उच्च न्यायालयात नव्याने जामीन अर्ज करता येतो. एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) कायद्याखालच्या विशेष न्यायालयाने जामीन नाकारला असेल तर मात्र त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे उच्च न्यायालयात अपील, तेही ३० दिवसांत, दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे. त्यामुळे आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागा. घरच्यांच्या धावपळीत मुदत निसटते तेव्हा फार वाईट वाटतं. अर्जाला किंवा अपिलाला रोजनामाही (न्यायालयातल्या रोजच्या कामकाजाची नोंद) जोडा: किती साक्षीदार तपासले, तारखा कुणामुळे पडल्या. खटला लवकर संपणार नसेल आणि तुरुंगवास लांबला असेल, तर यूएपीएतही (बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा) जामीन देता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये के. ए. नजीब प्रकरणात म्हटलंय.