खाडी म्हणजे तळं नव्हे, मालक! (देवबागच्या भाड्याच्या होडीवरून)

मांजराकाठ, लातूर

चार दिवसांपासून आमच्या सहलीच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरायलीय. मराठवाड्यातल्याच कुण्या भल्या माणसानं लिहिलेली. सार असं: मालवणजवळच्या देवबागला नावाड्यांच्या नादी लागू नका, कयाक नाहीतर छोटी होडी तासावर भाड्यानं घ्या, स्वतः वल्हवत कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमापर्यंत जा, पलीकडं भोगव्याला उतरून फोटो काढा. खाडी म्हणजे तळंच, लाटा नसतात. पोहता येत असेल तर लाइफ जॅकेट घालून घामाघूम व्हायचं कारण नाही. खाली अंगठ्यांची रांग. आमच्या साडूनं तर दिवाळीनंतरचं बुकिंगबी करून टाकलं.

म्हणून लिहायलोय. लांबलं तर सहन करा.

दोन वर्षांखाली मी त्याच ठिकाणी दोन कयाक घेतल्या. एकीत मी आणि बायको, दुसरीत मेहुणा आणि त्याचं बारा वर्षांचं लेकरू. सकाळचे दहा वाजलेले. पाण्यात उतरलो आणि कर्ली नदीनं आम्हाला हाताला धरून न्यावं तसे निघालो. मेहुणा ओरडला, "दाजी, वल्हं मारायचीबी गरज नाही, पैसे वसूल!" पैसे वसूल नव्हते ते, ओहोटी होती. परत फिरलो तेव्हा कळलं. वीस मिनिटं वल्हं मारलं तरी काठावरचं तेच वाकडं नारळाचं झाड शेजारीच उभं. पुढं तोंडाशी नदीचं बाहेर निघालेलं पाणी आणि समुद्राची आत येणारी लाट समोरासमोर भिडत होती. तिथं पाणी पळत नाही, उभं राहतं. लेकराच्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं, भाड्यावाल्यानं सुतळीनं बांधून दिलेलं. ती सुतळी मी किनाऱ्यावर पाहिली होती आणि गप्प बसलो होतो, हे बायको अजून बोलून दाखवते.

जाळी टाकून परत येणाऱ्या एका होडीनं दोर फेकला, म्हणून हे लिहायला आहे. पैसे घेतले नाहीत त्या माणसानं. एवढंच म्हणाला, "सुकती बगून येवक व्हया." म्हणजे ओहोटी बघून यायला पाहिजे.

तर माझं म्हणणं इतकंच: होडी भाड्यानं घ्या, खुशाल घ्या. पण पाणी आत येतंय का बाहेर जातंय हे न विचारता पाय टाकू नका. आणि आपल्याकडच्या माणसानं तर नाहीच. आपण विहिरीत आणि तळ्यात पोहायला शिकलेले लोक. आपलं पाणी जागेवर बसून राहतं.

बिनघोर_परभणी

ती पोस्ट माझी. आता शिव्या खायला आलो आहे.

दादा, तुमचं वाईट झालं, मान्य. पण चूक होडीची का तुमची? दहा वाजता, ओहोटीत, लेकरू घेऊन, तुटक्या बक्कलाचं जॅकेट घालून तुम्ही गेलात आणि आता सगळ्या मराठवाड्याला घरी बसा म्हणायलात. मी तीनदा गेलोय. काहीच झालं नाही.

दुसरं. नावाड्याच्या बोटीत बसलं की सुरक्षित, हे कुणी सांगितलं? मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कुबाहून परतणारी बोट उलटली, दोन पर्यटक गेले. ती काय पर्यटकांनी स्वतः चालवली होती? कयाकमध्ये निदान मला माहीत असतं की आत दोनच माणसं आहेत. त्यांच्या बोटीत "अजून चार बसतील, सरका" चालतं.

आपल्या लोकांना पाण्याची भीती घालायचं काम आधीच भरपूर झालंय. आजी म्हणायची, आडाजवळ जाऊ नको, आसरा ओढून नेतात. आता तुम्ही ओहोटीचं नाव सांगायलात.

मांजराकाठ, लातूर

"तीनदा गेलो, काही झालं नाही." बनी तो बनी, नहीं तो परभणी!

बिनघोर_परभणी

गावावर जाऊ नका. लातूरला पाणी रेल्वेनं आलं होतं 2016 ला, आमच्याकडं नाही. तुम्ही आम्हाला पाणी शिकवायलात.

गुरुजी_अंबाजोगाई

भांडा, पण भूगोल नीट ठेवा. सातवी-आठवीत सगळ्यांनी "खारे वारे" आणि "मतलई वारे" घोकले आहेत. मार्क मिळाले आणि विसरलात. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडं. दिवसा जमीन तापली की दुपारी समुद्राकडून जमिनीकडं. म्हणून किनाऱ्यावर सकाळी पाणी आरशासारखं दिसतं आणि दुपारनंतर त्यावर सुरकुत्या पडतात. पण तोच पहाटेचा वारा हलक्या कयाकला बाहेर ढकलतो, हे "सकाळी जा, शांत असतं" म्हणणारे सांगत नाहीत. ओहोटी आणि मतलई वारा एकाच वेळी असतील, तर दोघं मिळून तुम्हाला घेऊन जातात.

आणि भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही. तिथी घ्या, तिची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या आसपास भरती भरते, दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी, संध्याकाळी पुन्हा भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, त्याचाच हा हिशोब. कॅलेंडर प्रत्येकाच्या घरात खिळ्याला लटकलेलं आहे. त्यावर फक्त चतुर्थी बघता.

नाथसागर_पैठण

सगळे कोकणाचंच बोलायलाव. आपल्या दारात जायकवाडी धरणाचं 55 किलोमीटर लांब, 27 किलोमीटर रुंद पाणी पडलंय, त्याचं काय? शास्त्रीजींनी 1965 ला पायाभरणी केली, इंदिराबाईंनी 1976 ला लोकार्पण केलं. तेव्हापासून आजतागायत नाथसागरात माणसाला धड, जॅकेटसकट, पावतीसकट होडी भाड्यानं मिळंना. पोरांना होडीत बसवायचं तर रात्रभर गाडी चालवून घाट उतरायचा. हे नाही कुणाला दिसत.

चाकरमानी_वाळूज

नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, भाऊ. 1986 पासून. मोटारबोटी फिरवून फ्लेमिंगो उडवायचे का? आणि तेच पाणी आम्ही पितो. डिझेलचा तवंग नको त्यात.

नाथसागर_पैठण

फ्लेमिंगोची काळजी घेणारे लै झाले. बॅकवॉटरच्या गावातली लेकरं थर्माकोलच्या तुकड्यावर बसून, हातानं पाणी सारत शाळेला गेली, ते पेपरात आलं होतं. तेव्हा अभयारण्यवाले कुठं होते? वल्ह्याच्या होडीनं कोणता तवंग येतो? भोई समाजाच्या पोरांना लायसन द्या, दहा होड्या द्या, पोट भरंल त्यांचं. पण नाही. आधी पाणी तरी राहू द्या धरणात! वरचे नाशिक-नगरवाले...

चाकरमानी_वाळूज

आलं. मला वाटलंच होतं दहाव्या मिनिटाला हे येणार.

नाथसागर_पैठण

येणारच! कायदा 2005 चा आहे. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांच्या खाली साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं ठरलेलं आहे. तरी दर तुटीच्या वर्षी कोर्टात जावं लागतं. पाणी सोडलं तरी वाटेत किती मुरतं, किती उपसतात, ते गोदाकाठच्या माणसाला विचारा.

बिनघोर_परभणी

मालक, विषय देवबागच्या कयाकचा आहे.

नाथसागर_पैठण

विषय पाण्याचाच आहे! पाणी असतं तर तुम्ही देवबागला गेला असता का? येलदरीत नाहीतर सिद्धेश्वर धरणात वल्हवत बसला असता.

राहाता_माहेर_जालना_सासर

आमच्या नगरकडच्या माहेरच्यांनाही पाणी लागतं, एवढंच सांगते. ऊस फक्त तिकडंच आहे का? मांजरा खोऱ्यातले कारखाने मोजा आधी.

मांजराकाठ, लातूर

ताई, उसाचं नाव माझ्या धाग्यावर काढू नका. हात जोडतो. इथं एका लेकराचा जीव जायची वेळ आली होती आणि तुम्ही टक्केवारीवर आलाव.

आणि परभणीकर, "तळं सुरक्षित" हेबी डोक्यातून काढा. उजनी समुद्र आहे का? मे 2024, कुगावहून कळाशीला जाणारी नाव. एकदम वारं सुटलं, नाव उलटली, सहा जण गेले. लाटेला भरती लागत नाही, वारा पुरतो.

बिनघोर_परभणी

ती लोकांची ये-जा करायची नाव होती, सहल नव्हती. पण ठीक आहे, वाऱ्याचं मान्य. "खाडी म्हणजे तळंच" हे वाक्य काढतो पोस्टमधून. खूश?

जॅकेटचं मात्र ऐकणार नाही. मी पांगऱ्याचं लाकूड कमरेला बांधून पन्नास फुटी विहिरीत पोहायला शिकलो आहे. वरून उड्या मारायचो. तासभर पाण्यावर पडून राहू शकतो.

माहेर_नांदेड_सासर_मालवण

बराच वेळ वाचत होते. आता बोलतेच. अकरा वर्षं झाली इकडं.

दादा, विहिरीतलं पोहणं म्हणजे चार हात मारले की कठडा. सगळे विहिरीत शिकलेले पट्टीचे पोहणारे इथं येतात आणि पहिली लाट तोंडात गेली की खोकतात. खाऱ्या पाण्यावर माणूस जरा जास्त तरंगतो, खरं आहे. पण कयाक उलटताना वल्हं कपाळावर लागलं, भोवळ आली, तर तुमचा पन्नास फुटी अनुभव तळाशी. जॅकेट पोहता न येणाऱ्यासाठी नसतं, शुद्धीत नसलेल्यासाठी असतं. माझ्या दिरानं पंचवीस वर्षं होडी चालवली, तो घालतो.

आता आमच्या माणसांना शिव्या घालणाऱ्यांसाठी. हो, काही जण भरतात जास्त माणसं. हो, सुतळी बांधलेली जॅकेटं देतात. मी स्वतः एकाशी भांडले आहे, अजून तो बोलत नाही माझ्याशी. पण गिऱ्हाईक कसं असतं तेही ऐका. जॅकेट दिलं की "फोटोत जाड दिसते". दोघांच्या कयाकमध्ये तिसरं पोरगं मांडीवर. "संगमाकडं जाऊ नका" सांगितलं की "पैसे दिलेत आम्ही". आणि दारू. तुमच्याकडचेच असतात असं म्हणत नाही, पण गाडीच्या नंबरप्लेटी वाचता येतात मला.

26 मे ते 31 ऑगस्ट सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही बंद असतात, तरी जूनमध्ये फोन येतात, "थोडं आत नेऊन आणा, कोण बघतंय".

गुरुजी, तुमचा पाऊणपटीचा हिशोब आमचे सासरेही करतात. पण तो ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो. नदीच्या तोंडाशी तर समुद्राला भरती लागली तरी नदीचं वरचं पाणी काही वेळ बाहेर जातच राहतं. त्यामुळं हिशोब घरी करा, पण जागेवर पुन्हा विचारा. भाड्यावाल्याला नको, तो होच म्हणणार. जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा.

गुरुजी_अंबाजोगाई

दुरुस्ती स्वीकारतो. अर्ध्या तासाची. पाऊण तासाची नाही.

चाकरमानी_वाळूज

एक विचारू का? दरवर्षी आपली माणसं पंढरपूरला चंद्रभागेत होडीत बसतात. आई-बाप, नाती-नातू, डोक्यावर तुळस. जॅकेट कुणाच्या अंगावर असतं? तिथं कुणी धागा काढत नाही. देवबागला मात्र लगेच कायदा.

मांजराकाठ, लातूर

तिथंबी घालायला पाहिजे. माउलीनं नको म्हटलं नाही.

चाकरमानी_वाळूज

काढा मग धागा. बघू किती जण तुमच्या बाजूनं राहतात.

बिनघोर_परभणी

बरं, वहिनी मालवणवाल्या, जॅकेट घालतो. बक्कल स्वतः ओढून बघतो. सुतळी दिसली तर परत देतो. भोगव्याला जाणारच, पण वल्हवत नाही, तुमच्याच माणसाच्या मशीनच्या होडीनं. वल्हवायचं ते आत, नदीकडं. एवढी शरणागती पुरे झाली का? आता कामाचं सांगा. आम्ही कार्तिक शुद्ध अष्टमीला पोचायलोय. सकाळी आठला उतरलो तर चालंल?

गुरुजी_अंबाजोगाई

अष्टमी म्हणजे सहाला भरती. आठला पाणी बाहेर चाललेलं असणार, थेट बारापर्यंत. म्हणजे दादांची जी गत झाली तीच. द्वादशीला जा. नऊला भरती. सातला निघून पाण्याबरोबर आत नदीकडं जा, नऊला वळा, पाणीच परत आणतं. आणि संगमाच्या अलीकडंच काठाला लागा.

बिनघोर_परभणी

आदल्या दिवशी एकादशी. घरचे पंढरपूर सोडून समुद्रावर येतील का? जीव घ्यायलाव का गुरुजी.

माहेर_नांदेड_सासर_मालवण

अष्टमीलाही चालेल. त्या दिवशी भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, पाण्याला ओढ कमी. पौर्णिमेच्या उधाणासारखी नाही. फक्त आठला नको, दुपारी दोननंतर उतरा. तेव्हा भरती लागलेली असते, चुकलात तरी पाणी आत ढकलतं. वारा असेल, हात दुखतील, पण तो वारा किनाऱ्याकडंच येणारा. अंधाराच्या आधी बाहेर. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि त्यात कोस्ट गार्डचा 1554 आधीच टाकून ठेवा.

मांजराकाठ, लातूर

साडूला हेच पाठवतो. तोबी अष्टमीचाच आहे.

बिनघोर_परभणी

तुमचा साडू आणि मी एकाच दिवशी? लेकरू कुणाच्या कयाकमध्ये बसणार ते आधी ठरवा.

नाथसागर_पैठण

आणि ते 65 टक्क्यांचं तसंच राहिलं.