पिकअप विकू की अजून खर्च करू?

मंडळी, मदत हवी आहे. २०२१ ची बीएस-६ डिझेल पिकअप आहे. आठवड्यातून एकदा ओतूरहून माळशेज घाटाने कल्याण मार्केटला कांदा नेतो. वर्षात तीनदा डीपीएफ (सायलेन्सरमधली, धुरातली काजळी अडवणारी गाळणी) चोंदला. दिवा लागला की गाडी दम टाकते, परतताना घाट चढताना नुसती रांगते. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) साफ केला, सेन्सर बदलला, तरी तेच रडगाणं. मेस्त्री म्हणतो, बाकी दिवस गावातल्या गावात फेऱ्या. सायलेन्सर तापतच नाही, तर काजळी जळणार कशी? पटतं. पण नव्या डीपीएफचा खर्च ऐकून घाम फुटला. काहीजण म्हणतात, काढूनच टाक. ते नियमात बसत नाही, पासिंगला कोण निस्तरणार? हप्ते अजून आठ बाकी. विकून सीएनजी घेतली तर घाटात ओढेल का? कुणी बदलली असेल तर सांगा.