जमिनीतल्या आवाजाने आईची छाती धडधडते, रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माहेर वसमत तालुक्यात, पांगरा शिंदेच्या पट्ट्यात. आमच्याकडे जमिनीतून आवाज येतो हे बातम्यांत वाचलं असेलच. घुम्म होतं, पत्रा थरथरतो, संपलं. गावाला त्याची सवय होती. पण २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या पुढे दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले, पहिला ४.५ रिश्टरचा. मग १० जुलैला सव्वासाताच्या सुमाराला परत ४.५. तेव्हापासून आईचं तंत्र बिघडलंय.

आई साठीच्या पुढची आहे, अजून खुरपायला जाते. घाबरट म्हणाल तर अजिबात नाही, गोठ्यात साप निघाला तर काठी तीच घेते. पण आवाज झाला की पांढरीफटक पडते. छाती धडधडते, तोंडाला कोरड, हातपाय गार, आणि लगेच परसाकडं पळावं लागतं. आवाज दोन सेकंदांचा, पण पुढे तासभर ती ताळ्यावर येत नाही. आता तर शेजारच्या रानात बोअरची गाडी लागली किंवा रिकामी ट्रॉली खडखडत गेली तरी तेच. परवा म्हणायली, "ट्रॉली हाय हे मला कळतंय गं. पण कळायच्या आधीच छाती उडती, त्याला मी काय करू?"

परभणीला खासगीत दाखवलं. ईसीजी, टूडी इको, थायरॉईड, हिमोग्लोबिन, शुगर, सगळं चांगलं. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका, आणि ॲसिडिटीची गोळी दिली. घरात आता दोन पार्ट्या झाल्यात. दादांचं (वडिलांचं) म्हणणं, रिपोर्ट चांगले म्हणजे हे मनाचे खेळ. आत्याचं म्हणणं, बाहेरचं काहीतरी आहे, नांदेडकडे एकजण बघतो. मला दोन्ही पटत नाही. मी तिचा हात धरून बसलेय. हात खरंच गार असतो आणि नाडी भराभर चालते. नाटक करून कुणाची नाडी अशी पळते का?

तर हे शरीरात नक्की होतं काय, तासभर का टिकतं, आणि दाखवायचं कुणाला? "वेडाच्या डॉक्टरकडं नेता का मला" हे ती म्हणणारच, त्याचीही तयारी हवी.

– वसमतची लेक

प्रतिसाद : गोदाकाठ

ताई, मी नर्सिंगला शरीरशास्त्र शिकवते. "कळायच्या आधीच छाती उडती" हे आईंनी अगदी नेमकं सांगितलंय. कानातून आलेला आवाज मेंदूत दोन वाटांनी जातो. एक जवळची, अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या भागाकडे. दुसरी लांबची, मेंदूच्या विचार करणाऱ्या थरातून. उंदरांवरच्या प्रयोगांतून हे बरंचसं उलगडलं. जवळची वाट वेगवान पण ढोबळ. राखणीचं कुत्रं आधी भुंकतं, कोण आलंय ते मग बघतं, तसंच. मार्चमध्ये जमीन खरोखर हलली तेव्हा तो आवाज धोक्याशी पक्का जोडला गेला. आता त्याच्या जवळपासचा कुठलाही घरघराट, बोअर काय नि ट्रॉली काय, चालतो.

तिथून इशारा मेंदूच्याच हायपोथॅलॅमस नावाच्या भागाला, मग मज्जातंतूंवाटे मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना, आणि ॲड्रेनलिन रक्तात. कातडीकडचं रक्त कमी होऊन स्नायूंकडे वळतं म्हणून हात गार. लाळ आटते. जठराचं काम मंदावतं, पण मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, म्हणून परसाकडं. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमाराला हीच 'लढा नाहीतर पळा' प्रतिक्रिया मांडली. आईंना ना लढायला कुणी आहे, ना पळायला जागा. सगळी तयारी अंगातच राहते.

तासाचं गणित वेगळं. ॲड्रेनलिन काही मिनिटांत ओसरतं, पण मागोमाग दुसरी साखळी चालू होते: हायपोथॅलॅमस, मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी, पुन्हा ॲड्रिनल, आणि त्यातून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक. ते भरात यायलाच वीसेक मिनिटं घेतं, उतरायला आणखी वेळ. ट्रॉली एव्हाना गावाबाहेर गेलेली असते.

ईसीजीत दिसलं नाही कारण तेव्हा आवाजच नव्हता. हृदय ठणठणीत आहे, हुकूम वरून येतोय. दादांना एवढं वाक्य सांगा.

दाखवायचं मानसोपचारतज्ज्ञाला. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम असतो, तिथे चौकशी करा. त्याआधी फोनवर बोलायचं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. तोवर एक करून बघा: श्वास सोडताना हृदयाची गती थोडी कमी होते, व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे. म्हणून घेण्यापेक्षा सोडणं लांबवायचं. घरी शांत असताना सवय करा, ऐनवेळी शिकवून उपयोग नाही.

आणि एक आगाऊ प्रश्न. चहा किती, आणि मिश्री लावतात का?

प्रतिसाद : औसेकर

'मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांना आमच्याकडे पाठवा. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. माळवदाची, दगडमातीच्या जाड भिंतींची घरं माणसं झोपेत असताना बसली. आमची आजी नंतर कितीतरी वर्षं उन्हाळा-पावसाळा ओसरीतच झोपायची, आणि तिला कुणी खुळी म्हटलं नाही.

वरचं शास्त्र बरोबर असेल, पण तुमच्याकडे भूकंप खरंच होतात ना? मग नुसतं "घाबरू नको" म्हणून कसं भागेल? पत्र्यावर वाऱ्यासाठी दगड ठेवलेत का? नांदेड प्रशासनाने मार्च २०२४ मध्येच ते काढायला सांगितलं होतं. दगड उतरवा, पत्रा हुकाने आवळा, आईच्या उशाशी कपाट असेल तर हलवा. आपण काहीतरी केलंय हे बाईला दिसू द्या. श्वासबिस मग.

वसमतची लेक

दोघांचेही आभार. दगड होते, बरोबर आईच्या खाटेच्या वर दोन. दादांनी कुरकुर करत उतरवले. हृदयाचं वाक्य त्यांना ऐकवलं, गप्प बसले. आमच्याकडे हे होकारातच धरतात.

मिश्रीचं कसं ओळखलंत? आवाज झाला की तिचा हात आधी डबीकडे जातो. म्हणते, त्यानं जीव थाऱ्यावर येतो.

गोदाकाठ

तोच घोळ. निकोटिन स्वतःच ॲड्रिनलमधून ॲड्रेनलिन सोडायला लावतं, नाडी आणखी वाढते. सवयीची तलफ भागते म्हणून बरं वाटतं, एवढंच. पण एकदम बंद करायला लावू नका, त्यानेही चिडचिड आणि बेचैनी वाढते. आवाजानंतर लगेच नको, आधी अंगणात दोन फेऱ्या मारू दे, इथून सुरुवात करा. आणि मिश्रीचं डॉक्टरांना सांगा. बायका लपवतात.

वसमतची लेक

सांगते. आईला मी "धडधडीचे डॉक्टर" एवढंच सांगितलंय, तयार झालीय. १४४१६ ला आधी मी बोललं तर चालेल ना, का पेशंटच लागतो? आणि परभणी सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते? सोयाबीन काढणीच्या आत नेऊन आणायचंय, नंतर ती घराबाहेर पडायची नाही.

गोदाकाठ

घरच्यांनी फोन केला तरी चालतो, बिनधास्त लावा. ओपीडीचा वार परभणीकरांनी सांगावा.