डोंगराएवढी घोरपड काढली पण दिसतेय पालच, मदत करा

रेघोटी:
क्रिटामध्ये (कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) एक चित्र करतेय, वरंध घाट, पावसाळा, आणि रस्ता ओलांडणारी दीडशे मीटरची घोरपड. साइज कळावा म्हणून शेजारी एसटी पण काढलीय, तर झालंय उलटंच, घोरपड आहे तेवढीच राहिली आणि एसटीच खेळण्यातली वाटतेय. कॅनव्हास डबल करून पाहिला, काही फरक नाही. काय चुकतंय?

काळाकडा:
रेफरन्स फोटो कुठला घेतलास? बहुतेक दोन फुटांवरून काढलेला क्लोजअप असणार, कारण तोंड शार्प आणि शेपटीला तू गॉशियन ब्लर मारलायस. असा ब्लर छोट्या वस्तूचा जवळून फोटो काढला की येतो आणि आपल्या डोळ्याला ते माहीत असतं, म्हणून ब्लर दिसला की मेंदू म्हणतो पाल. समोरच्या डोंगराचा फोटो बघ, सगळं फोकसमध्येच असतं, फक्त लांबचं फिकट होत जातं. तर शेपटीच्या कडा बऱ्यापैकी स्वच्छ ठेव, आतला काळा काढून आभाळाच्या करड्या रंगाकडे ने. एखादा ढग पोटाच्या मधूनच जाऊ दे.

झिम्मड:
+१. आणि एसटीचं टप का दिसतंय? टप दिसतंय म्हणजे आपण वरून बघतोय, वरून बघितलं की हत्तीपण उंदीर. क्षितिजरेषा रस्त्यावर उभ्या माणसाच्या डोळ्यांशी आण, मग आपोआप घोरपडीची हनुवटी आणि पोट खालून दिसेल. अख्खी फ्रेममध्ये बसवायचा हट्ट पण सोड, कापली गेली तरी चालेल.
खवले पण फार मोठ्या ब्रशने केलेत. पाठीवर गवत, कारवी, चार बगळे टाक.

गणिताचामास्तर:
जरा डोकं खातो. दीड मीटरची घोरपड शंभरपट केली की वजन होतं दहा लाख पट, पण पायाची जाडी म्हणजे कापलं तर दिसेल तो भाग फक्त दहा हजार पट वाढतो, म्हणजे पायावर ताण शंभरपट. हत्तीचे पाय खांबासारखे सरळ असतात ते उगाच नाही. तुझे फाकलेले पाय बघूनच ती हलकी वाटते.

झिम्मड:
मास्तर, दीडशे मीटरला खांब लावले तरी ती मोडणारच, फँटसी आहे हो 😄 भाजे लेण्यातला झाड उपटणारा हत्ती बघा, ना धुकं ना पर्स्पेक्टिव्ह, खाली माणसं एवढीएवढीशी कोरली की झालं काम.

रेघोटी:
काळाकडा, फोटो क्लोजअपच होता, कसं ओळखलंस! ब्लर काढला आणि लगेच फरक पडला. मास्तर सॉरी, पाय फाकलेलेच ठेवणार, नाहीतर घोरपड कसली, फार तर पंजाखाली डांबर फुटलेलं दाखवते. आता एसटीचं टप लपवायला घेते, म्हणजे अख्खा रस्ता परत काढणं आलं.